टीव्हीचा खोका

श्रीकांतने लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि केतकीच्या निबंधाची पहिलीच ओळ खोडली : 'आमचे घर बालीगंजला तिसऱ्या मजल्यावर आहे.'

"हा पत्ता झाला. भावना कुठे आहे?"

"पुढे आहे, बाबा."

श्रीकांत कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचा अधिकारी होता. मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचा संपादकही तोच, कारण आधीच्या संपादकाची बदली झाली होती. आता त्याचीही झाली होती. मंगळवारी आलेली ऑर्डर ऑफिसच्या बॅगेत होती. केतकीची यंदा दहावी. ती आणि मी वर्षभर इथेच राहतो, असं त्याची बायको अलका म्हणाली होती. घर एकत्र हलतं, असं श्रीकांत म्हणाला होता. केतकीला चाचणी परीक्षेनंतर सांगायचं, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं.

"वर्णनातून भाव दिसला पाहिजे. डोळे पाणावले, कंठ दाटला..."

"कंठ दाटतो म्हणजे नक्की काय होतं?"

"दाटतो. पुढे वाच."

"अहो, लिहू द्या तिला तिचं," स्वयंपाकघरातून अलका म्हणाली. "तुमच्या मागच्या अंकात सात जणांचे कंठ दाटले होते."

केतकी वाचू लागली.

"'आमचा टीव्ही बदलला तरी त्याचा खोका कोणी टाकत नाही. तो माळ्यावर असतो. त्याच्यावर बाबांच्या अक्षरात नागपूर, विशाखापट्टणम, कोची लिहिले आहे. तिन्ही नावांवर काट आहे. कोलकात्यावर नाही.'"

"बरं आहे. पण भाव?"

"'मंगळवारी शाळेतून आले तेव्हा स्टूल माळ्याखाली होते. खोक्यावरची धूळ बाबांच्या बाहीवर होती. जेवताना त्यांनी मला मैत्रिणींची नावे विचारली. आधी कधी विचारली नव्हती. आईने लोणच्यासाठी कैऱ्या आणल्या होत्या. त्या अजून टोपलीत आहेत. काही पिवळ्या झाल्या.'"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

वीस वर्षं लोकांचे खोके उघडून आत काय आहे ते लिहिण्यात श्रीकांतचा हातखंडा होता. तो तांब्यातलं पाणी प्यायला.

"दुःख हा शब्द नाही घातला," केतकी म्हणाली. "घालू का?"

"नको."

त्याने कागद पुढे ओढला. खोडलेल्या ओळीच्या वर, समासात, तीच ओळ स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली. तिसऱ्या मजल्यासकट. मग पेनाला टोपण लावलं.

"अलका, कैऱ्या चालतील का अजून?"

"निम्म्या चालतील."

"मग घाल आजच. बरणी इथेच राहू दे," तो म्हणाला. "मला नेण्यापुरतं छोट्या डब्यात काढून ठेव."