पडद्याएवढा चेहरा

सिनेमाचं तिकीट काढतानाच नीवेसने ठरवून टाकलं होतं. शेवटच्या रांगेत दाराला लागून बसायचं, आणि लोक हसायला लागले की उठून चालू पडायचं. घरी नाही, थेट फेर्राराच्या बसने मावशीकडे. आपल्या कोमाक्किओ गावाला पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

तोंडाचाच तर सगळा घोळ होता. रुंद, पसरट तोंड, आणि डावी पापणी अर्ध्यावर लोंबलेली. आमच्या गावात टोपणनावाशिवाय माणूस मरतसुद्धा नाही. नीवेसला सहाव्या वर्षी 'परात' हे नाव पडलं, ते पंचेचाळिशी आली तरी सुटलं नाही. वाम मासे कापायच्या कारखान्यात मुकादमही हजेरीला परातच म्हणायचा. ती हसून ओ द्यायची. न देऊन सांगते कुणाला?

गेल्या पानगळीत रोमहून सिनेमावाले आले. दिग्दर्शक कारखान्यात शिरला, चाळीस बायकांवरून नजर फिरवली आणि बोट नेमकं हिच्यावर ठेवलं. "हा चेहरा पाहिजे." संवाद पाठ करायची भानगडच नव्हती. आपल्याकडे सिनेमात तोंड एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "समोर बघा आणि एकापासून तीसपर्यंत आकडे म्हणा, बाई. बोलणं आम्ही रोमला भरू." कालव्याच्या पुलावर अख्खं गाव बघायला लोटलं होतं. त्या सगळ्यांदेखत तिने आकडे म्हटले.

सुंदर म्हणून काही आपल्याला उचललं नाही, एवढं कळायला तिला आरसा लागत नव्हता. मग कशासाठी उचललं? हडळ म्हणून? लोकांना हसवायला? वर्षभर तिला धड जेवण गेलं नव्हतं. आज रविवारी दुपारी तीनच्या खेळाला उत्तर मिळणार होतं, तेही चारशे गाववाल्यांच्या साक्षीने.

सिनेमा सुरू झाला आणि लोक चक्रावलेच. पडद्यावर एक कारकून होता. त्याला जो भेटे, तो खिशातून शिंप्याची फीत काढून त्याचं माप घेई. न्हावी माप घेई, सासू माप घेई, लग्न लावणारा पाद्रीसुद्धा मंत्र थांबवून माप घेई. आणि दर मापागणिक हा गडी चार बोटं बुटका!

"अरे, याला झालंय तरी काय?" पुढून एक म्हातारा ओरडला.

"ताप चढलाय त्याला!"

"ताप कसला! रोमला राहतो ना, मग असंच व्हायचं!"

सगळे खदखदून हसले. मग त्या कारकुनाची स्वतःची सावली भिंतीवरून खाली उतरली, आणि तिनेही खिशातून फीत काढली. भोपळ्याच्या बिया फोडायचे आवाज बंद पडले. कुणीतरी छातीवर क्रूस केला. नीवेस तर दार, बस, मावशी सगळं विसरून गेली. हे या रोमवाल्याला कुणी सांगितलं? रात्रंदिवस आपल्याला हेच तर होतं!

कारकून गुडघ्याएवढा उरला. धावत धावत तो पाण्याकाठी आला. धुकं बाजूला झालं आणि अख्खा पडदा भरून नीवेसचा चेहरा उभा राहिला.

"परात! अरे, आपली परात!"

"इकडे ये," पडद्यावरची नीवेस त्या कारकुनाला म्हणाली. "घाबरू नकोस. माझ्याकडे फीत नाही."

"अगं बाई! हा मधाळ आवाज कुठनं चोरलास गं?" हे दीर्चेचं. कारखान्यात नीवेसच्याच बाकावर मासे कापायची ती, आणि जिभेला हाड म्हणून नाही. आवाज परका असला तरी ओठ गावाच्या ओळखीचे होते, ते पुलावरचे आकडेच म्हणत होते. दीर्चेने सुरुवात केली, "सात! आठ!" निम्मं थिएटर हसत हसत तिच्या सुरात सूर मिळवू लागलं. "नऊ! दहा! अकरा!"

नीवेस उठली. तिने दाराला हात घातला.

"तेरा! चौदा!"

आणि पडद्यावरचा चेहरा थांबला. मधाळ आवाजही थांबला. डोळे एका बाजूला वळले. त्या चेहऱ्याने काहीतरी ऐकलं होतं. हनुवटी थरथरली, लोंबती पापणी ओली झाली.

काय ऐकलं, ते सिनेमात नव्हतंच. मिलान-नापोलीच्या लोकांना ते कधी कळणारही नाही. पण या चारशे जणांना कळलं. त्या दिवशी ऐन चौदाव्या आकड्याला दीर्चे पुलावरून ओरडली होती, "परात, जपून गं, काच फुटेल त्यांच्या यंत्राची!" आणि गाव पोट धरून हसलं होतं. रोमवाल्यांनी ते हसणं पुसून टाकलं होतं. ते जिथे जाऊन लागलं, ती जागा मात्र तशीच ठेवली होती, दोन मजले उंच. गावाने ती कधी पाहिलीच नव्हती. गावाचे आकडे चौदावरच अडले.

नीवेसनेही ती पाहिली नव्हती. अशा वेळी आपण भयंकर दिसत असणार, असंच ती जन्मभर धरून चालली होती. पण तो चेहरा पळाला नाही, चिडला नाही. त्याने आवंढा गिळला, त्या गुडघ्याएवढ्या माणसाकडे परत वळून बघितलं आणि ओठ पुन्हा हलू लागले. केवढं धैर्य होतं ते! देवळातल्या मूर्तीतसुद्धा तिने असं काही पाहिलं नव्हतं. आणि ही बाई आपण?

"पंधरा," नीवेस मोठ्याने म्हणाली, स्वतःच्या घोगऱ्या आवाजात. कुणी मागे वळलं नाही, कुणी हसलं नाही. पुढच्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

दिवे लागले. एकाच तिकिटावर दिवसभर सगळे खेळ बघत बसायची आपली रीत, पण लोक बसले होते ते उठायचं भान नव्हतं म्हणून. दीर्चे तेवढी कोट चढवून मागे आली.

"मीच ओरडले होते."

"माहीत आहे."

"तू हसायचीस गं. मला वाटायचं, तुला काही लागतच नाही."

"हसायचेच मी. तू तरी काय करणार?"

"मी जाते बाई घरी. ते पुन्हा बघवायचं नाही मला."

नीवेसने तिची बाही धरली, परत खुर्चीत बसली आणि सरकून जागा केली.

"बस इथे. मला माझं तोंड अजून एकदा बघायचंय, आणि एकटीने बघायचं म्हटलं तर भीती वाटते."