तीन हिरवे दिवे

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, जिना भरला होता, तरी कुणी हूं की चूं करत नव्हतं. समोर टेबलावर एक काळी पेटी, तिच्यावर तीन दिवे, आणि पेटीमागे नादगुरू. हे गृहस्थ पूर्वी स्पीकर विकायचे. स्पीकर खपेनासे झाले तेव्हा त्यांना साक्षात्कार झाला.

"माणूस जातो, नाद मागे राहतो," नादगुरू म्हणाले. "भिंतींत मुरतो तो. तुम्ही मला गेलेल्या माणसाच्या खोलीतली शांतता रेकॉर्ड करून द्या, आणि त्याचा जुना आवाज द्या. पहिलं यंत्र त्या शांततेतून आवाज शोधेल, दुसरं ओळखेल, तिसरं शब्द लावेल. यंत्रं तीन, साक्षीदार तीन. एक चुकेल, दोन चुकतील. तिन्ही कशी चुकतील?"

तिसऱ्या रांगेत कानवाले काका बसले होते. श्रवणयंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, म्हणून हे नाव. काकूंना जाऊन आठ महिने झाले होते, आणि गेले दोन महिने काका एकही रविवार चुकले नव्हते.

काकूंच्या खोलीतली शांतता रेकॉर्ड केलेलं त्यांचं कार्ड पेटीत गेलं. एकामागून एक तिन्ही दिवे हिरवे झाले, खरखरीतून आवाज आला, "अहो, जेवलात का? मी इथेच आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला. मागे कुणीतरी हुंदका दिला.

आता नादगुरूंचा एक नियम होता. ज्या खोलीतली शांतता द्यायची, तिथे दुसऱ्या कुणाचा आवाज पडता कामा नये. पडला, तर गेलेल्याचा पुसला जातो. काकांनी तो नियम जिवापाड पाळला होता. खिडक्या बंद, रेडिओ बंद, भांडीसुद्धा फडक्यावर उपडी घालायची. लेक दर शनिवारी यायची, तिला ते दारातच थांबवायचे आणि जिन्यात बसून तिच्याशी कुजबुजायचे. पुढे पुढे ती फोन करून विचारू लागली, येऊ का म्हणून. हे म्हणायचे, राहू दे.

त्या रविवारी घरी आल्यावर काकांनी खिसा रिकामा केला, हातात आलेलं कार्ड लावून ऐकलं, तर ते खोलीचं निघालं. ते तर त्यांनी पेटीत दिलं होतं ना? काकांच्या धंद्यात उजव्या कानाच्या यंत्रावर लाल ठिपका असतो आणि डाव्याच्या निळा. दुरुस्तीला आलेलं यंत्र शिट्टी मारत असलं की काका ती शिट्टी कार्डावर घ्यायचे आणि त्यावर तसाच ठिपका द्यायचे. सवयीने काकूंच्या खोलीच्या कार्डालाही त्यांनी लालच ठिपका दिला होता. अदलाबदल झाली होती. काकू बोलल्या होत्या त्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या उजव्या कानाच्या शिट्टीतून.

त्यांना राग आला नाही. आधी वाटलं, हे कुणाला कळू नये. पुढच्या रविवारी बरोबर कार्ड द्यावं आणि गप्प बसावं. चार दिवस ते तसेच बसले. घरात बोलायला कुणी नव्हतंच. पाचव्या दिवशी त्यांनी लेकीला बोलावलं, आणि सवयीने जिन्यातच बसले.

लेक दवाखान्यांसाठी छातीला लावायचं यंत्र बनवायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, त्या पेटीत तीन यंत्रं नाहीत," ती म्हणाली. "आमचंही असंच असतं. ठोके, श्वास, खोकला, तिन्ही तपासायचं. तीन पूर्ण यंत्रं कोंबली तर ते छातीवर ठेवायच्या लायकीचं राहणार नाही. म्हणून आतल्या प्रोग्रामचे खालचे थर तिघांत सामायिक. ऐकायचं काम तेच करतात, वरची तीन टोकं आपापला निकाल सांगतात. काटकसर म्हणून झकास आहे. पण खालच्या थरांनी चुकीचं ऐकलं, की वरची तिन्ही टोकं एकमताने चुकतात."

"म्हणजे साक्षीदार तीन, पण कान एकच."

"हो. आणि तुमच्या पाळीला त्या कानाला त्याने काय शिकवलं? आईचा आवाज. तुम्ही दिलेला, पुन्हा पुन्हा. आता त्याला पंखा ऐकवा नाहीतर नळ, तो आईच काढणार, तिच्याच रेकॉर्डिंगमधल्या शब्दांत."

"मलाही नळातून तीच ऐकू येते गं," काका म्हणाले.

"मलाही येते, बाबा."

पुढच्या रविवारी काकांनी मुद्दाम शिट्टीचं कार्ड दिलं. दिवे हिरवे झाले, काकू बोलल्या. काका उठून उभे राहिले. "आता हेच कार्ड या शेजारच्या शिवणवाल्या ताईंच्या गेलेल्या भावासाठी लावा. त्याचा आवाज त्यांनी तुम्हाला दिलाच आहे."

"दुसऱ्याच्या घरची शांतता चालत नाही," नादगुरू म्हणाले.

"मग माझी कशी चालली? ही माझ्या घरची नाहीच. ही बिघडलेल्या यंत्राची शिट्टी आहे."

हॉलमध्ये गलबला झाला. "लावा की, गुरुजी," ताईच म्हणाल्या. नादगुरूंनी वेळ खराब आहे म्हणून पाहिलं, नाद रुसलाय म्हणून पाहिलं. शेवटी लोक टेबलापर्यंत आले तेव्हा त्यांनी कार्ड लावलं. तीन हिरवे दिवे. "ताई, दार नीट लाव," भाऊ म्हणाला.

ताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या मागचा एक जण काकांवर उखडला, "तुमचं काय जात होतं हो? आम्हाला बरं वाटत होतं."

"मलाही वाटत होतं," काका म्हणाले. नादगुरूंची पेटी त्या दिवशी गेली ती गेलीच.

घरी लेक आली ती सवयीने दाराबाहेरच थांबली. काकांनी आधी खिडक्या उघडल्या. "आत ये," ते म्हणाले, "आणि मोठ्याने बोल. इथे पुसलं जाईल असं काही नाही."

ती आत आली. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन भांडी खडखडा आवाज करत मांडली, आणि काका ते ऐकत बसले.

तेव्हा वाचकहो, कुणी तीन साक्षीदार उभे केले, तर तिघं एकाच ताटात जेवतात का ते आधी विचारा. चुकीचं कार्ड मुद्दाम देऊन बघा. खरं असेल ते त्याने बिघडत नाही. आणि गेलेल्याचा आवाज ऐकवतो म्हणून कुणी तुम्हाला दार लावून घ्यायला सांगितलं, तर बाहेर जिन्यात कोण बसलंय तेवढं बघा.