झोळीची दोरी

नाशिकला मानसतज्ज्ञ उज्वलाताईंच्या तपासणीच्या खोलीत खुर्च्या मोडक्या असल्या तरी चालत, पण छताला झोळी टांगायची कडी भक्कम लागे. आधी मनोरुग्णांत, मग अपंग मुलांत आणि आता तान्ह्या बाळांच्या अभ्यासात उभी हयात घातल्यावर त्यांचं ठाम मत झालं होतं, की बाळ स्वतःच्या झोळीतच खरं काय ते दाखवतं. परक्या टेबलावर ते नुसतं भोकाड पसरतं!

पेठ तालुक्यातून ठमाबाई आल्या त्या मात्र नातीसाठी नव्हे, सुनेसाठी. सून आशा कोपऱ्यात मान खाली घालून बसली. ठमाबाईंनी पाढाच वाचला. बाळंतपणापासून हिचं डोकं फिरलंय, झोपलेल्या लेकराच्या कानाशी ताट बडवते, पोर बहिरी म्हणून रडते. भगत करून झाला. आता इथं गुण आला नाही, तर हिला माहेरी धाडणार आणि नात ठेवून घेणार.

आशा एवढंच म्हणाली, "ताटाच्या आवाजानं पोर दचकत बी नाय, ताई."

ठमाबाईंनी तडक सोबत आणलेली झोळी कडीला टांगली आणि नातीला तीत ठेवलं. मागे उभं राहून, दोरी धरून हाक मारली, "ए बाय!" आठ महिन्यांची पोर वळून खुदकन हसली. ठमाबाईंचा चेहरा खटला जिंकल्यासारखा. आशानं डोळे मिटले.

उज्वलाताईही क्षणभर चकल्या. मग त्यांची नजर ठमाबाईंच्या हातावर गेली. हाक मारताना तो हात सवयीनं दोरीला हिसका देत होता. घरोघरी हाक आणि हिसका जोडीनंच जातात. वेगळं करून कोण बघतंय?

"आजी, दोरी सोडा. आता हाक मारा."

ठमाबाईंनी मारली. मग मोठ्यानं मारली. शेवटी शिदोरीचं ताट काढून स्वतःच बडवलं. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात जमली, पण झोळीतली पोर निवांत अंगठा चोखत राहिली.

"म्हंजी मी येडी नाय?" आशानं विचारलं.

"नाही गं. तुला सगळ्यांच्या आधी कळलं."

कानांची तपासणी, यंत्र, खुणांनी बोलणं, सगळं ताईंनी सावकाश समजावलं. आशा रडत होती, पण रडू नको असं त्या म्हणाल्या नाहीत. तिचं म्हणणं खरं ठरलं, तरी लेकीचं बहिरेपण काही जिंकण्यासारखं नव्हतं.

ठमाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग त्यांनी आशाच्या मुठीत दोरी दिली.

"तू बोलाव तिला."

आशानं हलकेच हिसका दिला. पोर वळली, आणि आईचं ओलं तोंड बघून हसली.