गुंजनच्या कॉम्प्युटरची पूजा

मुक्ता येणार असली की रविंद्रच्या पोटात दुखायला लागायचं, आणि त्या दुखण्यावर आयर्लंडमधल्या त्यांच्या नास गावात एकाही फार्मसीत गोळी मिळत नाही.

ही मुक्ता म्हणजे डब्लिनला एम. एस. करून इथेच नोकरीला लागलेली, टॅला या डब्लिनच्या उपनगरात मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहणारी मुलगी. गेल्या वर्षीच्या गणपतीत ती नासच्या मराठी मंडळात आली, आरतीच्या वेळी बंद पडलेला स्पीकर तिने चालू करून दिला, आणि तिथूनच रविंद्रचे दिवस फिरले. त्याआधी नासमधल्या कुठल्याही मराठी घरात लॅपटॉप अडला की फोन रविंद्रला यायचा. तोही आढेवेढे न घेता जायचा, दोन बटणं दाबायचा आणि "काही नाही हो, एक सेटिंग होतं" म्हणत चहा पिऊन यायचा. आता लोक मुक्ताला फोन करायचे. वर ती निशिगंधाला 'ताई' म्हणायची आणि रविंद्रला 'काका'. नवराबायकोच्या वयात अंतर जेमतेम वर्षाचं, पण बायको ताई आणि हा काका!

हे सगळं त्याने गिळलं असतं. पण त्याची स्वतःची लेक, सोळा वर्षांची गुंजन, तीसुद्धा मुक्ताच्या मागे लागली, तेव्हा मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुंजनला गेम बनवायला शिकायचं होतं आणि त्यासाठी स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर हवा होता. बाप चिपच्या कारखान्यात इंजिनियर. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळून घेऊन काम करणारा. आणि पोरीने सुटे भाग कुणाला विचारून मागवले? मुक्ताला. रॅमच्या दोन पट्ट्या तर मुक्ताने स्वतःच्या ओळखीतल्या कुणाकडून वापरलेल्या आणून दिल्या. खोकी घरी आली तेव्हा गुंजनने बापाला बजावलं, "बाबा, डोन्ट टच एनीथिंग, ओके?"

मागच्या शनिवारी दोघींनी मिळून कॉम्प्युटर जोडला. पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर अक्षरं आली. पण विंडोज काही केल्या आत जाईना. कधी निम्म्यावर अडायचं, कधी अगदी शेवटाला येऊन 'फाइल सापडत नाही' म्हणायचं. म्हणून आज, रविवारी दुपारी, मुक्ता पुन्हा आली होती.

"तू जळतोस तिच्यावर," ड्यूटीवर निघताना निशिगंधा त्याला दारातच म्हणाली. ती नर्स होती, दुखणं कुठे आहे ते तिला बरोबर कळायचं.

"मी? त्या पोरीवर? काहीतरीच काय!"

"मग ते भांडं ठेव खाली. केव्हाचा घासतोयस."

ती गेली, आणि रविंद्र स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिला. तिथून जेवणाच्या टेबलावरचा तो उघडा डबा, त्यातल्या वायरी आणि दोन वाकलेली डोकी दिसत होती. मनातून तो एकच गोष्ट मागत होता. हिला जमू नये. गुंजनने मान वर करून एकदा, फक्त एकदा म्हणावं, "बाबा, तू बघ ना."

मुक्ता पद्धतशीर होती, हे त्याला मान्य करावं लागलं आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. तिने पेनड्राइव्ह पुन्हा नव्याने तयार करून आणला होता. तो लावला, पुन्हा अडलं. मग तिने डिस्क बदलून आपली स्वतःची लावली. तरी अडलं. मग रॅमची एक पट्टी काढून दुसरी एकटीच ठेवली, मग त्यांची अदलाबदल केली. दर वेळी गुंजन टक्क्यांचे आकडे मोठ्याने वाचायची, दर वेळी आकडा कुठेतरी थांबायचा आणि दर वेळी रविंद्रला आतून उकळ्या फुटायच्या. वरून मात्र तो "अरेरे" म्हणायचा.

"म्हणजे रॅमच," शेवटी मुक्ता म्हणाली. तिने एक पट्टी काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्या कडेचे सोनेरी दात निरखले. "दिसायला तर चकाचक आहे. पण दोन्ही पट्ट्या खराब दिसतायत गं, गुंजू."

रविंद्रने त्या सोनेरी दातांकडे पाहिलं आणि त्याला आठवलं.

खंडेनवमीला त्याने पूजा केली होती. घरातल्या गाडीची, ड्रिलची, आपल्या लॅपटॉपची, दर वर्षी करायचा तशी. गुंजन शाळेत होती. टेबलावर तिची खोकी होती. हात लावू नको म्हणाली होती, पण पूजेला कोण हात लावणं म्हणतं? सगळ्या कॉम्प्युटरमध्ये बापाचा म्हणून तेवढाच वाटा असणार होता. त्याने एकेक भाग बाहेर काढून ओल्या हळदीचं बोट लावलं, त्यावर कुंकू लावलं आणि मनापासून हात जोडले. मग लेक यायच्या आत घाईघाईने सगळं टिश्यूने पुसून खोक्यांत होतं तसं ठेवलं. रॅमच्या पट्ट्यांना लावलेलं बोट पुसताना हळद दातांवर पसरली असणार. सोन्याच्या रंगावर हळदीचा पातळ थर, तो मुक्ताला काय, कुणालाच दिसला नसता. कारखान्यात केसाचा तुकडा पडू नये म्हणून जपणाऱ्या माणसाने घरी लेकीच्या रॅमला हळद फासली होती.

आत्ता तोंड उघडायचं होतं. "थांबा, ही माझी करामत," एवढंच म्हणायचं होतं. तिघंही हसले असते आणि विषय संपला असता.

पण तेवढ्यात गुंजन मुक्तावर उखडली. "यू सेड दे वेअर ग्रँड! तू म्हणालीस, चेक केलंय!"

"सॉरी गं. चुकलंच माझं," मुक्ता म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "मी पट्ट्या देणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला नको होता. खरंच सॉरी."

आणि रविंद्रला ते ऐकायला इतकं गोड लागलं की तोंड उघडवेना. वर्षभर ज्या पोरीचं नाव सकाळसंध्याकाळ कानावर आदळत होतं, ती त्याच्या टेबलापाशी उभी राहून माफी मागत होती, आणि गुंजनची नजर पहिल्यांदाच तिच्यावरून हटून त्याच्याकडे वळली होती.

"बाबा?"

"आण इकडे," तो म्हणाला. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "बघतो."

दोन्ही पट्ट्या घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. पेन्सिलीच्या खोडरबराने त्याने दात हलक्या हाताने घासले, मग ओल्या टिश्यूने पुसले, कोरडे केले, पुन्हा घासले. खोडरबर पिवळंधमक झालं. परत येऊन त्याने पट्ट्या बसवल्या, कट् असा आवाज झाला. पुन्हा आकडे सुरू झाले. निम्म्यावर तिघांनीही श्वास रोखला. आकडा थांबला नाही. शेवटाला पोचला, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि निळ्या रंगात 'नमस्कार' करत विंडोज हजर झालं.

गुंजन किंचाळली आणि बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, यू अ‍ॅब्सोल्यूट लेजंड!"

किती दिवसांनी! रविंद्रला वाटलं, आता घड्याळ बंद पडलं तरी चालेल.

"बट व्हॉट वॉज इट?"

"जुनी पट्टी ना," तो म्हणाला. मुक्ताकडे न बघता. "आधीच्या माणसाने नीट ठेवली नसेल. मळ बसतो. वापरलेलं घेताना जरा बघून घ्यावं."

"हो काका," मुक्ता म्हणाली. "पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

गुंजन नाचतच बिस्किटं आणायला स्वयंपाकघरात गेली. कपाटाला ती इथल्या पोरांसारखं प्रेस म्हणते. त्या प्रेसचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा काही आला नाही. ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात खोडरबर होतं आणि दुसऱ्या हातात टिश्यू. टिश्यूवर पिवळं तर होतंच, मध्ये कुंकवाचा लाल ओघळही होता.

"बाबा, धिस इज हळद."

रविंद्रने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"तू माझ्या पार्ट्सची पूजा केलीस?"

"खंडेनवमी होती, बाळा. चांगलं व्हावं म्हणून..."

"दॅट्स ग्रँड. आय डोन्ट माइंड द पूजा. पण तुला माहीत होतं? मुक्ता सॉरी म्हणत होती, तेव्हा तुला माहीत होतं? अँड यू लेट हर?"

त्याला हो म्हणायचं होतं. निदान पुढे कितीतरी दिवस त्याला असं वाटत राहिलं, की आणखी एक क्षण मिळाला असता तर आपण हो म्हणालो असतो.

"वेडी आहेस का गं?" मुक्ता हसत म्हणाली. "सोन्यावर हळद दिसते का? मी उजेडात धरून बघितलं, मला दिसली नाही. काकांना कुठून माहीत असणार? घासल्यावर कळलं त्यांना. मग लाजले असतील बिचारे. हो ना काका?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. एकदाच, सरळ. पट्ट्या हातात घेतल्यावर तो त्या उलटसुलट करून न बघता थेट खोडरबर शोधायला गेला होता, हे तिने पाहिलं होतं. तिला सगळं कळलं होतं.

"हो," रविंद्र म्हणाला.

गुंजनने त्याच्याकडे पाहिलं, मग मुक्ताकडे आणि पुन्हा त्याच्याकडे. आणि मग तिच्या कपाळावरची आठी गेली.

"ओके," ती म्हणाली. "मुक्ता म्हणते म्हणजे खरं असणार. सॉरी, बाबा."

तिने बिस्किटांचा पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट त्याच्या हातावर ठेवलं. लेकीचा बापावर विश्वास बसला होता, पण मुक्ताच्या शब्दावर. इतका हेवा रविंद्रला तिचा आजवर कधीच वाटला नव्हता.