तळटीपेतला नायक

शिलाने लॅपटॉप ओमप्रकाशकडे वळवला.

"वाचा. मी चोर ठरले."

हिंगोलीच्या कॉलेजात तो तिच्याच मराठी विभागात होता. बंजारा तांड्यावरच्या लग्नात नवरी रडत रडत गाते त्या ढावलोवरचा तिचा लेख एका नामांकित संशोधन-पत्रिकेकडे गेला होता. लेख कुणाचा हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही, अशी तिथली रीत. परीक्षकाने कळवलं होतं की यातलं गाणं आणि विवेचन आधीच छापलेल्या एका लेखातून उचललेलं आहे. खुलासा करा, नाहीतर लेख नाकारला जाईल.

तो आधीचा लेख शिलाच्या मार्गदर्शक सरांच्या नावावर होता. तिचा एम.फिल.चा प्रबंध सरांनी वाचला, तोंडभर कौतुक केलं आणि त्यातलं आख्खं प्रकरण परस्पर आपलं म्हणून छापून मोकळे झाले. तिला हे आज कळत होतं, आणि तेही स्वतःवर चोरीचा आळ आल्यावर.

"गाणं काढून टाका मॅडम, मजकूर जरा फिरवा," ओमप्रकाश म्हणाला. "काहून नादी लागता? सर निवड समितीवर हायत. तुमची नोकरी अजून कायम झाली न्हाई."

शिला सरांचा लेख वाचत होती. एका तळटीपेपाशी ती थांबली आणि तिला हसूच फुटलं. संतापाने डोळे भरलेले, आणि हसू काही आवरेना.

ढावलोची चाल जुनी असते, पण नवरी हाक मारते ती आपल्याच बापाला, आपल्याच भावाला. प्रबंधात शिलाने स्वतःच्या लग्नातला ढावलो दिला होता. उचललेल्या गाण्यातलं नाव कुणाचं, हे सर कुणाला विचारणार? त्यांनी ठोकून दिलं होतं: 'वसराम – बैलांच्या तांड्यांचा प्राचीन नायक. आज केवळ गाण्यांतून उरला आहे.'

तिने नरसीजवळच्या तांड्यावर फोन लावला.

"बा, काय करून राहिला?"

"शेळ्यायला पाला टाकून राहिलो. काहून?"

तिने सगळं सांगितलं. वसरामने हातातला पाला खाली ठेवला.

"म्हंजे मी मेलो?"

"कवाच."

"ते सर तुह्या लग्नाला आले व्हते, तेच ना? पंगतीत मीच वाढलं त्यायला. बुंदी दोनदा मागून घेतली. लिव त्या पत्रिकेवाल्यायला. जित्ता हाय म्हनून लिव."

शिला खुलासा टाइप करू लागली. वसराम आपले वडील असून हयात आहेत, हे तिने पहिल्याच वाक्यात लिहिलं.

"तुमची ओळख उघडी झाली की नियमानं लेख बाद हुईल," ओमप्रकाश म्हणाला.

"होऊ द्या. बापाला गाडून मला लेख छापायचा न्हाई."

पुढे तिने पंगतीचंही लिहिलं, बुंदीसकट. ओमप्रकाशने कपाळाला हात लावला.

"हे कशाला, मॅडम?"

"प्राचीन नायकाच्या हातचं जेवलेला दुसरा संशोधक दाखवा मला."

खाली तिने आपलं नाव घातलं, बापाच्या नावासकट, आणि खुलासा पाठवून दिला.