मनगटाला अडकवलेल्या चपला

दार्यातीनं चपलांचे पट्टे डाव्या मनगटाला बकलनं अडकवले, दोन्ही हात लोखंडी कठड्यावर ठेवले आणि लगेच उचलले. लोखंड उन्हानं तव्यासारखं तापलं होतं. शेजारच्या पोरीनं आपला ओला रुमाल कठड्यावर पसरला आणि अर्धा तिच्याकडे सरकवला.

"धरा, इबू," आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं ती म्हणाली. "हात सुटला तर मागचे तुम्हाला थेट मासळीबाजारात पोचवतील."

मागून एक पोरगा ओरडला, "अरे बघा, आजीबाई पण नाचायला आल्यात!"

"आजी असेल तुझी सासू," पोरीनं मान न वळवता सुनावलं. "ती तरी मिळते का बघ आधी."

आजूबाजूचे हसले. दार्यातीही हसल्यासारखं करून समोर बघू लागली. कठड्यापलीकडे दोन हातांची मोकळी गल्ली होती आणि गल्लीपलीकडे मंच. सकाळी होड्यांनी रेड्याचं डोकं समुद्रात सोडलं होतं. दरवर्षी तो नैवेद्य झाला की दुपारी या मैदानात डांगडुतचा, ढोलकीवरच्या नाचगाण्यांचा, जलसा होई. पंचक्रोशीतली पोरं खोक्यांवर, एकमेकांच्या खांद्यांवर, जिथं जागा सापडेल तिथं चढत. दार्याती या गावात जन्मली, इथंच कांद्याच्या वखारीत बोटं काळी करून घेतली, पण जलशाला ती कधी आली नव्हती. यायची ती विवित, तिची मुलगी.

पुढं घुसायची विवितची एक युक्ती होती. घरी आल्यावर ती चटईवर पडून करून दाखवायची.

"मान टाकायची, मा. गुडघे सैल. डोळे मिटायचे, पण घट्ट नाही, नाटकी दिसतं. मग पहाऱ्यावरचा कांग तार्मो, सगळ्यांचा दादा, येतो आणि काखेत हात घालून कठड्यापलीकडे घेतो. फुकटचं पाणी, बसायला बाक आणि गाणाऱ्या नेंग रियाच्या टाचा इतक्या जवळ! टाचेला भेगा आहेत तिच्या, माहितेय?"

"लाज नाही वाटत?" दार्याती म्हणायची आणि टाचांबद्दल पुन्हा विचारायची.

मागच्या जलशाहून विवित चालत घरी आली नाही. गर्दीत श्वास कोंडला, एवढं दवाखान्यात सांगितलं. तिची मैत्रीण गर्दीत आधीच लांब फेकली गेली होती. तिनं काही पाहिलं नव्हतं. नर्सनं विवितच्या मनगटावरची बकलं सोडून चपला दार्यातीच्या हातात दिल्या. त्या दार्यातीच्याच होत्या, ईदला घेतलेल्या. पोरीनं हट्टानं मागून नेल्या होत्या. दार्यातीनं दारातून बजावलं होतं, पायात ठेवू नकोस, तुडवतील, हातात नको, सोडशील, मनगटाला अडकव. पुढं समाचाराला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगत राहिली की पोर गेली, पण माझ्या चपला तिनं शेवटपर्यंत सांभाळल्या. बाया ओढणीनं डोळे पुसत.

तिला एकच गोष्ट कळत नव्हती. कांग तार्मो तर विवितला ओळखत होता. मग त्या दिवशी त्यानं तिला उचललं होतं की नाही?

ढोलकी सुरू झाली तशी मागून लाट आली. दार्यातीच्या बरगड्या कठड्यावर दाबल्या गेल्या आणि श्वास अर्ध्यावर राहिला. गल्लीतून कुणीतरी नळीनं गर्दीवर पाणी उडवलं, पोरं खिदळली. लाट ओसरली, पुन्हा आली. विवितनं कधी हे सांगितलं नव्हतं. टाचाच सांगितल्या होत्या.

तिसऱ्या गाण्याला दार्यातीनं मान टाकली. गुडघे सैल सोडले. शेजारची पोरगी ओरडली, "कांग तार्मो! इबू पडल्या!" दार्यातीच्या काखेत दोन हात शिरले. लवंगेच्या सिगारेटचा वास आला. विवितनं हाही सांगितला होता. क्षणभर पाय हवेत लोंबले आणि ती पलीकडे होती.

त्यानं तिला गल्लीच्या टोकाला, ताडपत्रीआडच्या बाकावर नेऊन बसवलं. इथं ओरडावं लागत नव्हतं. पाण्याची बाटली उघडून दिली आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला. पन्नाशीचा, पिवळ्या अंगरख्यातला रापलेला माणूस.

"प्या, इबू. डोळे उघडा आता. छान केलंत."

दार्यातीनं डोळे उघडले. "कळलं तुम्हाला?"

"कठड्याशी वय गेलं माझं." तो हसला. "खरी चक्कर आली की आधी हात उघडतो. फोन, पाकीट, जे असेल ते गळून पडतं. नाटक करणारा बाकी सगळं सोडतो, वस्तू सोडत नाही. तुमच्या चपला बघा, अजून हातात."

दार्यातीनं मनगटाकडे पाहिलं. बाटली मांडीवर ठेवली.

"मग उचललंत कशाला?"

तार्मोनं अंगरख्याच्या बाहीनं मान पुसली. मंचावर नेंग रिया होडीवाल्यांची नावं घेऊन थट्टा करत होती. प्रत्येक नावाला मैदान गरजत होतं.

"आता सगळ्यांनाच उचलतो," तो म्हणाला. "ही पहाऱ्यावरची बाकीची पोरं हसतात मला. म्हणतात, कांग, तुम्ही तर जांभई देणाऱ्यालाही ओढून घेता."

"आधी नव्हतात उचलत?"

"आधी बघून उचलायचो. एक मुलगी होती. दर जलशाला यायची, दर जलशाला पडायची. पडता पडता मला डोळा मारायची. मी म्हणायचो, अगं, या खेपेला तरी नीट पड. चांगली पोर होती." त्यानं कठड्याकडे पाहिलं. "गेल्या साली कठड्याला टेकून तिची मान पडलेली दिसली मला. माणसं इतकी दाटली होती की ती खालीही पडत नव्हती. मी हात बघितला. चपला तशाच. म्हटलं, आज हिला जरा थांबवू. आधी खरे पडलेले काढू."

दार्यातीनं बाटली मांडीवरून बाकावर ठेवली.

"मी गेलो तेव्हा ओठ निळे होते," तार्मो म्हणाला. "खरंच बेशुद्ध होती आणि चपला सोडल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत असं मी पाहिलं नाही. रात्री बायको विचारते, काय बघता छताकडे? काय सांगू? हात कसा उघडला नाही तिचा, तेच कळत नाही मला."

तो उठायला लागला. दार्यातीनं डावा हात पुढं केला, म्हणून तो पुन्हा बसला.

तिनं मूठ उघडली. बोटं पसरून सैल सोडली, मग अख्खा हात कोपरापासून लोंबू दिला. चपला खाली पडल्या नाहीत. मनगटाशी हलत राहिल्या.

तार्मो बकलांकडे बघत राहिला. दोन्ही बकलं पितळी होती, शेवटच्या भोकात अडकवलेली.

"हे..." तो म्हणाला. "असं कोण अडकवतं?"

"कुणी सांगितलं तर अडकवतात."

"कुणी सांगितलं होतं तिला?"

मंचावर नेंग रिया पुढचं गाणं कोणतं हवं ते विचारत होती. हजार जणांनी हजार गाणी सांगितली.

"आईनं," दार्याती म्हणाली.

तार्मोनं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग वेळ लावून पुन्हा चपलांकडे. दार्यातीनं हात मागे घेतला नाही. थोड्या वेळानं त्यानं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं आणि पहिलं बकल सोडायला घेतलं. घामानं चामडं फुगलं होतं; बोटं घसरत होती. पहिली चप्पल सुटली, ती त्यानं तिच्या उजव्या पायाशी सरळ करून ठेवली.

"कांग! कांग तार्मो!"

कठड्याशी रुमालवाल्या पोरीनं मान टाकली होती. फोन छातीशी घट्ट धरलेला. एक डोळा किंचित उघडा, ओठांच्या कोपऱ्यात हसू. शेजारचे पोरगे शिट्ट्या मारत होते.

तार्मो दुसरं बकल तसंच टाकून उठला आणि धावला. तिच्या हाताकडे त्यानं पाहिलं नाही. काखेत हात घालून एका हिसड्यात तिला वर घेतलं आणि छातीशी धरून, जणू काचेचं काही आणतोय असं, बाकापर्यंत आणलं.

पोरीनं डोळे उघडले. "इबू, तुम्ही पण?" ती खुदकन हसली. मग दार्यातीचं तोंड बघून तिचं हसू मावळलं. "खरंच पडलात की काय?"

दार्याती बाकावर सरकली. शेजारी जागा केली आणि आपली बाटली तिच्या हातात दिली. पोरगी गटागटा प्यायली, मग ताडपत्री बाजूला करून मंचाकडे मान उंचावली.

"बघा, इथून सगळं दिसतं!"

दार्याती वाकली. एक चप्पल पायाशी, दुसरी मनगटाला. मंचाच्या कडेला नेंग रिया उभी होती, अनवाणी, ताल धरून. दार्यातीनं तिच्या टाचांकडे पाहिलं.

"आहेत," ती म्हणाली. "भेगा आहेत."