परकीला घर दाखवताना

मी निळी बोलतेय. लिएर गावाजवळच्या कालव्याकाठी गोमारचं विटांचं घर आहे, त्याच्या मागच्या अंगणातल्या कबुतरखान्यातली मी कबुतरी. माझ्याविषयी लोक चांगलंच बोलतात. शहाणी, घरची, झडपेतून पहिली आत येणारी. ते सगळं खरं आहे. पण जे कुणालाच ठाऊक नाही ते आज सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल.

माझा जन्म इथलाच, वरून दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या कप्प्यातला. आठवड्याची होते तेव्हा गोमारने माझ्या पायात कडं घातलं. महिन्याची झाल्यावर मला छपरावरच्या जाळीच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवलं. तिथून सगळं दिसतं: चर्चचा मनोरा, वीटभट्टीचं धुराडं, कालव्यावरचा पूल. पाखराने हे डोळ्यांत भरून घ्यायचं असतं. मग एका संध्याकाळी उपाशीपोटी पिंजरा उघडतात आणि खाली पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळवतात. पोटात भूक असली की पाखरू लांब जात नाही. झडपेच्या तारा आत ढकलल्या की उघडतात, बाहेर मात्र उघडत नाहीत. असं चार-सहा वेळा आत आलं की घर पाठ झालं म्हणायचं.

माझं एकाच दिवसात झालं. डबा वाजवणारी गोमारची बायको, लिओन्टिन. तिला मूलबाळ नव्हतं. ती मला म्हणाली होती, “माझी गुणाची बाय ती.” ते शब्द मी फार जपून ठेवले होते.

तिसऱ्या वर्षी मला करडा मिळाला. मानेवर हिरवी झाक असलेला, शांत नर. आमची पिल्लांची दोन वेतं झाली. शर्यतीत फ्रान्समधून सोडलं की मी परत येताना दर वेळी त्याच्याचकडे येत होते. गोमारला वाटायचं दाण्यांसाठी.

आणि मग तांबडी आली.

सिंट-ट्रुइडनकडच्या चेरीच्या बागांत सिल्व्हेर नावाचा एक म्हातारा कबुतरवाला होता. तो वारला तशी त्याची पाखरं विकायला निघाली, आणि गोमारने ही तांबडी आणली. तिच्या आजीने म्हणे फार लांबच्या शर्यती मारल्या होत्या. वेताच्या टोपलीतून तिला काढलं, तर छाती विटेच्या रंगाची, डोळा मोत्यासारखा. लिओन्टिनने तोंडावर हात ठेवला.

“अगं बाई, किती देखणी.”

मला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. गुणाची म्हटलं होतं. देखणी नाही.

शेजारचा अकिएलही कबुतरंच पाळतो. कुंपणावर कोपर टेकून तो म्हणाला, “गोमार, चार वर्षांची कबुतरी दुसऱ्याच्या घरून आणलीस? मोठं पाखरू आणि दुसऱ्याची बायको, दोन्ही नव्या घरी रमत नाहीत बाबा.”

“अकिएल भावजी,” लिओन्टिन म्हणाली, “तुमची तर स्वतःची होती. तीही रमली नाही. चार वर्षं झाली माहेरी जाऊन.”

अकिएलने टोपी डोळ्यांवर ओढली. “वहिनी, कबुतरांचं बोलत होतो मी.”

पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मोठं पाखरू आपलं माहेर विसरत नाही. म्हणून असं विकत घेतलेलं पाखरू जन्मभर जाळीआड ठेवतात, नुसतं पिल्लांसाठी. गोमारचाही तोच विचार होता. लिओन्टिनला मात्र तो पटेना.

“अहो, कोंडून ठेवायला ती काय चोर आहे? उडण्यासाठी जन्मलेला जीव तो. एकदा तरी सोडून बघा.”

“गेली म्हणजे?”

“नाही जायची. मी शेर्पनह्यूवेलच्या मेरीमातेला नवस बोलले आहे. ही आपली झाली तर मेणबत्ती घेऊन तिथवर चालत जाईन. तोवर कॉफीत साखर नाही.”

गोमारने तिच्याकडे पाहिलं. साखरेवाचून लिओन्टिनची कॉफी म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. “एक संधी,” तो म्हणाला. “एकच. चुकली तर परत आणून जाळीत घालीन, मग नवसाचं नाव काढायचं नाही.”

पाखरू बांधून ठेवायची एक जुनी युक्ती आहे. त्याला इथलाच जोडीदार द्यायचा आणि अंडी होऊ द्यायची. अंड्यांवरून उठून कुणी माहेरी जात नाही, असा हिशेब. त्यासाठी शांत नर लागतो. गोमारने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हात घातला तो माझ्या कप्प्यात, करड्यावर.

“एका वेतापुरताच,” तो लिओन्टिनला म्हणाला. मला कुणी काही म्हणालं नाही.

मला खालच्या ओळीतल्या फळीवर हलवलं. तिथून वर पाहिलं की माझाच कप्पा दिसायचा. पहिले दोन दिवस करडा माझ्याकडे वाकून बघत होता. चौथ्या दिवशी त्याने तांबडीसाठी काडी आणली. बरोबर तशीच, ज्या तऱ्हेची माझ्यासाठी आणायचा. नंतर मी वर बघायचं सोडलं, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. मी बघतच होते. माणसं म्हणतात हेवा डोळ्यांत असतो. आमचा गळ्याखाली असतो, जिथे दाणे साठवतो त्या पिशवीत. दाणा खाल्ला तरी उतरत नाही.

अंडी झाली. दहा ते चार नर बसतो, उरलेला वेळ मादी. ते सहा तास तांबडी मोकळी असायची, तेव्हा तिला छपरावरच्या पिंजऱ्यात ठेवायचं ठरलं. आणि पाहुण्या पाखराबरोबर एक घरचं पाखरू ठेवतात, वाट दाखवायला. गोमार म्हणाला, “निळीला ठेव. तिच्याइतकं घर कुणाला ठाऊक नाही.”

म्हणजे ज्या घरातून मला उठवलं, तेच मी तिला दाखवायचं.

दहा दिवस आम्ही त्या जाळीत शेजारी बसलो. ती मनोऱ्याकडे बघायची नाही, धुराड्याकडे बघायची नाही. तोंड कायम आग्नेयेला, तिच्या चेरीच्या बागांकडे. मी काही दाखवलं नाही. लिओन्टिन शिडीवर चढून यायची, तिच्याशी बोलायची. “बघ हं बाळ, तो पूल, ती आपली वाळत घातलेली धुणी.” माझ्याकडे पाहून नुसती हसायची, जशी घरातली मोठी मुलगी समजून घेईलच असं धरून चालतात तशी.

अकराव्या दिवशी सोडायचं ठरलं. दुपारी साडेतीनला, म्हणजे चारची अंड्यांची पाळी तिला खाली ओढून आणील. सकाळपासून दोघींना दाणा नाही. हा नियम कुणी मोडत नाही, उपाशी पाखरूच डब्याचं ऐकतं.

पण बाराच्या सुमारास लिओन्टिन वर आली. एप्रनच्या खिशात हात होता.

“इतकी छाती बसलीय गं तुझी,” ती तांबडीला म्हणाली. “एवढंसं खा. मी कुणाला सांगत नाही.”

आणि सोललेले शेंगदाणे तिने ओंजळीत धरले. तांबडीने एकूण एक टिपले. मी जाळीला चिकटून उभी होते. लिओन्टिन म्हणाली, “तुला संध्याकाळी हं. तू काय, घरचीच.”

मला तेव्हाच कळलं होतं, आज ही डब्याचं ऐकणार नाही. मला बरं वाटलं. सांगून टाकते, फार बरं वाटलं.

साडेतीनला जाळी उघडली. तांबडी सरळ वर गेली. मी तिच्यामागे. खाली डबा वाजायला लागला, खुळखुळ, खुळखुळ, आणि लिओन्टिनचा आवाज, “ये गं ये, ये गं ये.” माझं पोट पाठीला लागलं होतं. मी खाली वळले असते तर कुणी दोष दिला नसता. पण तांबडीने एक फेरी घेतली, दुसरी घेतली आणि आग्नेयेला मान केली, आणि मीही तिच्यामागे गेले. कशासाठी? ती खरंच जातेय हे डोळ्यांनी बघायला. अर्ध्या वाटेवरून परत फिरली तर, ही धास्ती होती मला.

वाटेत शेर्पनह्यूवेलचा घुमट लागतो, वर सोनेरी तारे असलेला. तिथल्याच माऊलीला लिओन्टिनने मेणबत्ती कबूल केली होती. त्या घुमटावरून उडताना मी मनात मागितलं, आई, हिला परत पाठवू नको. एकाच घरातल्या दोघी, एकाच माऊलीकडे उलटसुलट मागत होतो. मेणबत्ती तिची होती. माझ्याकडे काही नव्हतं.

पुढे बागा लागल्या. तांबडीने वेग वाढवला, मला तिला गाठता येईना. एका घराच्या मागे ती खाली झेपावली आणि मी कौलांवर टेकले.

तिथे कबुतरखाना नव्हता.

त्याच्या पायाचे, विटांचे चार उंचवटे तेवढे होते, त्यांच्यामध्ये नुकती नांगरलेली काळी माती. अनोळखी बाई दोरीवर चादरी घालत होती. तांबडी खाली आली ती थेट त्या जागी, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर. तिथे पंख आखडून पाय पुढे केले. फळीवर उतरतात तसे. फळी नव्हती. ती धडपडली, सावरली, फेरी घेऊन पुन्हा तिथेच आली, हवेत नेमक्या त्याच ठिकाणी. पाय पुढे केले. पुन्हा. मी मोजत नव्हते, पण बाईच्या सगळ्या चादरी घालून झाल्या तरी तिचं चाललंच होतं.

मला वाटलं होतं, ती गेली की मला आनंद होईल. झालाही. पण तो ज्या जागी व्हायला हवा होता तिथे झाला नाही. मी तिला हाक मारली नाही. उठले आणि एकटी घरी आले.

फळीवर उतरले तेव्हा डबा अजून वाजत होता. लिओन्टिनने मला पाहिलं. “तू आलीस होय,” म्हणाली, दूधवाला आल्यावर म्हणतात तशी, आणि परत आभाळाकडे बघायला लागली.

आत आले तेव्हा करडा पाळी संपून दीड तास जास्त बसून नुकताच पाण्यावर उतरला होता. माझ्या कप्प्यात दोन अंडी उघडी पडली होती. मी वर चढले आणि त्यांच्यावर बसले. यात दया नव्हती, हे लक्षात घ्या. मनात एवढंच होतं: ती गेली, आता हे सगळं माझं. कप्पा माझा, नर माझा, अंडीसुद्धा माझी.

दारात गोमार आणि लिओन्टिन उभे होते.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “मी तिला दुपारी शेंगदाणे घातले.”

गोमारने विचारलं, “किती?”

“ओंजळभर.”

“ओंजळभर शेंगदाण्यांवर ती स्पेनला जाईल, लिओन्टिन.”

तिने डोळ्यांना एप्रन लावला. मग तिची नजर वर आली. “अहो, बघा तरी. निळी तिची अंडी सांभाळतेय. माझी गुणाची बाय.” किती दिवसांनी ते शब्द आले, आणि आले ते खोट्या कारणाने. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोमार पाणी बदलत असताना, झडपेच्या तारा वाजल्या. तांबडी आत आली. रात्र कुठे काढली कुणास ठाऊक. शेपटीची दोन पिसं नव्हती, छाती आत गेली होती. गोमारची हाक ऐकून लिओन्टिन आली ती दारातच थबकली. गोमारने हात आडवा केला. “थांब. हात लावू नको. त्या दोघींचं काय ते होऊ दे.”

तांबडी कप्प्यासमोर येऊन उभी राहिली. ती भांडली असती तर मीही भांडले असते, चोच माझी तयारच होती. पण तिने पंख उगारला नाही. मला बसलेलं पाहिलं, आणि आपली जागा नाही हे ओळखून फळीच्या टोकाला सरकली. रिकाम्या हवेत पाय टाकून आलेलं पाखरू होतं ते. ही दुसरी जागाही नाही म्हणत असेल तर नाही, असं तिचं उभं राहणं होतं.

तिने तिथे काय पाहिलं होतं, ते त्या सबंध घरात फक्त मला ठाऊक होतं.

मी उठले. अंडी ऊबदार होती. मी बाजूला झाले, आणि ती आत शिरली.

लिओन्टिन नवस फेडायला चालत गेली. दोन दिवस पाय सुजले होते. अकिएल कुंपणावरून म्हणाला, “वहिनी, एक मेणबत्ती शेंगदाण्यांच्या नावानेही लावायची होती.” तांबडी परत आली ते तिच्या मते माऊलीने केलं. गोमारच्या मते पिंजऱ्याने केलं. त्या घुमटावरून जाताना मी जे मागितलं ते मिळालं नाही, आणि त्याबद्दल हल्ली मी रागावत नाही.

करडा तिच्याकडेच राहिला. एका वेतापुरता म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. मला दुसरा नर मिळाला, बरा आहे, जरा बडबड्या. शर्यतीला मला आता नेत नाहीत. नवं पाखरू आणलं की छपरावरच्या पिंजऱ्यात त्याच्याशेजारी मला ठेवतात. आता मी मनोरा दाखवते, पूल दाखवते. आणि लिओन्टिन वर येऊन नव्याला “बघ हं बाळ” म्हणाली की गळ्याखालच्या पिशवीत काहीतरी टोचतंच. गेलं असं मी कसं म्हणू?

तर एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी परकं आलं, तर त्याला जरूर जागा द्या, लाड करा, नवस बोला. पण ती जागा कुणाची उठवून देत असाल, तर त्या उठणारीला आधी एकदा विचारा. ती घरचीच आहे, समजून घेईल, हे खरं. ती बहुतेक हो म्हणेल, थोडी फुरंगटून का होईना. विचारा मात्र.